बेटावरची फुलपाखरं, जनुकं आणि निसर्गाची निवड : परत परत येणारे प्रश्न

पाऊस उघडला की आमच्या रविवारच्या फुलपाखरू-फेऱ्या सुरू होतात आणि फेरी संपली की व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न सुरू होतात. मागे एकदा चहाच्या टपरीवर समोआ या पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या चांदवा फुलपाखराची गोष्ट सांगून बसलो, तेव्हापासून बेटांबद्दल इतके मेसेज आलेत की प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतोय. सोपं वर आहे, डोक्याला ताप देणारं खाली. एक उत्तर दुसऱ्यात घुसतंय असं वाटलं तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन वाचा, मी परत लिहिणार नाही.

१. जगभर फुलपाखरं असताना शास्त्रज्ञ बेटावरचीच का धरून बसतात? फिरायला मिळतं म्हणून?

थोडं तेही असेल, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण हिशोबाचं आहे. आंबोलीत तुम्हाला एक फुलपाखरू दिसलं तर ते तिथेच जन्मलं, की खालून कोकणातून घाट चढून आलं, की वाऱ्यावर आजऱ्याकडून आलं, हे सांगायला काही मार्ग नसतो. बेटाला कडा असते. आत किती आले, किती मेले, किती राहिले याची वही लिहिता येते. आणि वस्ती छोटी असल्यामुळे जे बदल मोठ्या भूभागावर शेकडो पिढ्या लागून हळूहळू होतात ते इथे पाच-दहा पिढ्यांत दिसतात, म्हणजे एका माणसाच्या नोकरीत बसतात.

२. जनुकीय विविधता म्हणजे वेगवेगळ्या रंगांची फुलपाखरं, बरोबर ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी घसरते. फुलपाखराकडे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एकाच जनुकाच्या किती वेगवेगळ्या आवृत्त्या त्या वस्तीत फिरतायत आणि किती जणांकडे दोन प्रती एकमेकींपेक्षा वेगळ्या आहेत, ही झाली जनुकीय विविधता. डोळ्यांना दिसणारा रंग हा त्यातला एक छोटा कोपरा.

आपल्या अंगणात कढीपत्त्यावर अंडी घालणारं बहुरूपी घ्या, म्हणजे कॉमन मॉरमॉन. याची मादी तीन रूपांत येते, एक नरासारखी, एक कॉमन रोझ या दुसऱ्याच फुलपाखराची नक्कल, एक क्रिमसन रोझ या तिसऱ्याची नक्कल. शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणी म्हणणार नाही की या एकाच जातीच्या. पण कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की हा सगळा खेळ डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचा आहे. म्हणजे रंगात जमीन-अस्मानाचा फरक, जनुकात एका जागेचा. याच्या उलटही होतं, शंभर फुलपाखरं अगदी एकसारखी दिसतात आणि डीएनए वाचला तर आत गच्च विविधता भरलेली असते. त्यामुळे नुसता फोटो पाठवून "यात विविधता आहे का" विचारू नका, फोटोतून ते कळत नाही.

३. एकच मादी वादळात उडून बेटावर पोचली तर तिच्यापासून अख्खी वस्ती होऊ शकते का?

मीलन झालेली असेल तर हो. मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते, त्यामुळे बेटावर नर नसला तरी अंडी फळतात. पण तिने सोबत आणलेलं भांडवल बघा. तिच्या स्वतःच्या दोन प्रती आणि नराच्या दोन, म्हणजे कुठल्याही जनुकाच्या जास्तीत जास्त चार प्रती.

दिवाळीच्या चिवड्यात एक मूठ घाला. पोहे येणारच, शेंगदाणे बहुतेक येतील, काजू येईल याची गॅरंटी नाही. बेटावर तसंच होतं. मुख्य भूमीवर ज्या आवृत्त्या सर्रास आहेत त्या पोचतात, दुर्मिळ आवृत्त्या मागे राहतात. हिशोबाने बघितलं तर जोडप्यापासून सुरुवात झाल्यावर पुढच्या पिढीत मूळच्या सरासरी ७५ टक्के विविधता उरते (म्हणजे दोन वेगळ्या प्रती असणाऱ्यांचं प्रमाण), दहा जणांपासून झाली तर ९५ टक्के. ऐकायला वाईट नाही. खरा मार पुढे बसतो. वस्ती भराभर वाढून हजारावर गेली तर गळती जवळजवळ थांबते, पण दहावरच अडकून राहिली तर दर पिढीला ५ टक्के जात राहतात आणि वीस पिढ्यांनी मूळच्या साधारण ३६ टक्केच हातात राहतात. आणि फुलपाखराच्या वीस पिढ्या म्हणजे उष्ण प्रदेशात दोन-चार वर्षंच.

४. आमच्या ट्रिपमध्ये बेटावर ढीगभर फुलपाखरं दिसली, मग तिथे विविधता कमी कशी असेल?

डोकी मोजणं वेगळं आणि पुढच्या पिढीला जनुकं देणारे मोजणं वेगळं. लग्नाच्या हॉलमध्ये पाचशे माणसं असतात पण गाठ दोघांचीच बांधली जाते, तसं.

याचा सगळ्यात टोकाचा नमुना समोआचा. तिथल्या मोठा चांदवा या फुलपाखरात एके काळी शंभर माद्यांमागे एक नर होता (का, ते प्रश्न ८ मध्ये). यासाठी एक सोपं सूत्र आहे, चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण. शंभर माद्या आणि एक नर टाका, चार गुणिले एक गुणिले शंभर म्हणजे चारशे, भागिले एकशे एक. उत्तर येतं जेमतेम ४. डोळ्यांसमोर एकशे एक फुलपाखरं उडतायत आणि जनुकांच्या दृष्टीने ती वस्ती चार जणांची आहे! हजार माद्या आणि दहा नर घेतले तरी चाळीसच्या आत. मी पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, परत केलं, तेच उत्तर.

५. बेटावरचं फुलपाखरू वेगळं दिसतं म्हणजे निवडीने बदललं असंच ना? की नुसता योगायोग पण असू शकतो?

निवड म्हणजे त्या जागी जे जास्त टिकतात आणि जास्त पोरं मागे ठेवतात त्यांचीच जनुकं पुढे वाढत जाणं. पण नुसता योगायोगही असू शकतो, आणि यावरून इंग्लंडमध्ये मोठी मोठी माणसं कित्येक वर्षं भांडली. जागा सिली बेटं, इंग्लंडच्या नैऋत्य टोकापलीकडची. फुलपाखरू मेडो ब्राउन, अगदी साधं, मातकट. ई. बी. फोर्ड आणि डाउड्सवेल दरवर्षी तिथे जाऊन मागच्या पंखांच्या खालच्या बाजूचे बारीक ठिपके मोजायचे, कुणाला एकही नाही, कुणाला पाच. तीन मोठ्या बेटांवर माद्यांमधली ठिपक्यांची वाटणी जवळपास सारखी निघाली, पण छोट्या बेटांवर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

फोर्डचं म्हणणं, ही निवड आहे. मोठ्या बेटावर गवत, झुडपं, वारा, आडोसा सगळं मिसळलेलं म्हणून सरासरी सारखी येते, छोट्या बेटावर एकाच तऱ्हेची जागा म्हणून फुलपाखरू त्या जागेसारखं घडतं. विरोधकांचं म्हणणं, अहो छोट्या बेटावर मुळात चार फुलपाखरं पोचली असतील, किंवा एखाद्या वाईट वर्षी चारच उरली असतील, जे उरलं त्याचे ठिपके पुढे चालले, यात निवड कुठे आली (म्हणजे प्रश्न ३ मधला चिवडा). फोर्डच्या बाजूने एक चांगला पुरावा टीन नावाच्या छोट्या बेटाचा. तिथली गुरं १९५० मध्ये हलवली, गवत वाढलं, आणि मग तिथल्या ठिपक्यांची वाटणीही बदलली. गुरं गेल्यावर योगायोगाने ठिपके बदलावेत, हे जरा पचायला जड जातं.

आज हा वाद डीएनए वाचून बराचसा सोडवता येतो. योगायोग सगळ्या जनुकांना सारखाच झोडपतो, निवड मात्र ठरावीक जागी हात घालते. सगळीकडे थोडाथोडा फरक दिसला तर योगायोग, बाकी सगळं सारखं आणि एकाच ठिकाणी मोठा फरक दिसला तर तिथे निवडीचा संशय घ्यायचा. दोन्ही एकाच वेळी चालू असतात हे मात्र विसरू नका.

६. दादा, आपल्यात आतेमामे भावंडांची लग्नं पिढ्यान् पिढ्या होतात आणि सगळे ठणठणीत असतात, मग फुलपाखरांचंच काय बिघडतं?

हा प्रश्न दर सीझनला येतो आणि विचारणाऱ्याच्या घरात असं लग्न झालेलं असतंच. आतेमामे भावंडांच्या मुलात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता सव्वासहा टक्के असते. सख्ख्या भावाबहिणीची संतती असेल तर २५ टक्के. छोट्या बेटावर किंवा एकट्या पडलेल्या कुरणात एकाच मादीची पिल्लावळ एकत्र वाढते आणि आपसात जुळते, दरवर्षी. एखाद्या खराब आवृत्तीची एक प्रत असली तर दुसरी चांगली प्रत सांभाळून घेते, दोन्ही खराब आल्या की झाकायला कोणी उरत नाही.

यावर सगळ्यात पक्कं काम फिनलंडच्या ओलँड बेटांवर झालंय, ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या नारिंगी-काळ्या चौकटीच्या फुलपाखरावर. १९९८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात साचेरी, हान्स्की वगैरे मंडळींनी ४२ वस्त्यांमधल्या फुलपाखरांची जनुकं तपासली आणि पुढच्या वर्षी कोणत्या वस्त्या टिकल्या ते बघितलं. सात संपल्या होत्या. आणि संपलेल्यांमध्ये विविधता कमी असलेल्या वस्त्यांचं पारडं जड निघालं. नुसतं "वस्ती छोटी होती म्हणून मेली" असं म्हणता येऊ नये म्हणून आकार, आजूबाजूच्या वस्त्या, फुलं हे सगळं हिशोबात धरूनही विविधतेचा परिणाम उरलाच. अंडी कमी फुटतात, अळ्या थंडीत जास्त मरतात, माद्या कमी दिवस जगतात. एकेक गोष्ट किरकोळ वाटते, एकत्र आल्या की कुरण रिकामं.

(या फुलपाखराला ज्या लेडी ग्लॅनव्हिलचं नाव आहे ती सतराव्या शतकातली. ती वारल्यावर नातेवाइकांनी तिच्या मृत्युपत्रावरून वाद घातला, फुलपाखरांमागे धावणारी बाई शुद्धीवर कशी असेल, असं म्हणे त्यांचं म्हणणं होतं. आमच्या घरी हा मुद्दा अजून कोणाला सुचलेला नाही.)

७. मग ओलँडमधली फुलपाखरं आतापर्यंत संपायला हवी होती ना?

एकेक वस्ती संपते, सगळ्या एकदम संपत नाहीत, यातच सगळी गंमत आहे. ओलँडमध्ये साधारण ४,००० छोटी कोरडी कुरणं आहेत आणि कुठल्याही वर्षी त्यातल्या थोड्याच, काही शे कुरणांमध्ये हे फुलपाखरू असतं. काही विझतात, काही नव्याने पेटतात. इल्का हान्स्कीने १९९३ पासून याची दरवर्षी मोजणी सुरू केली. पद्धत एकदम देशी वाटावी अशी. उन्हाळा संपता संपता विद्यार्थ्यांची फौज गुडघ्यावर बसून कुरण न् कुरण चाळते. अळ्या थंडीसाठी एकत्र येऊन पानांभोवती रेशमाचं पांढरं घट्ट घरटं विणतात, मुठीत मावेल एवढं, आणि ते गवताच्या बुंध्याशी शोधायचं. अळ्यांचं मुख्य खाद्य प्लँटॅगो, म्हणजे आपल्या इसबगोलाचा सख्खा चुलतभाऊ.

आता निवड कुठे आली ते बघा. रिकाम्या कुरणात पहिल्यांदा कोण पोचणार? जी मादी लांब उडते ती. त्यामुळे नवीन वसलेल्या कुरणांमध्ये चांगल्या उडणाऱ्यांच्या लेकी जास्त असतात आणि जुन्या कुरणांत कमी, कारण तिथे घर सोडून जाणाऱ्या निघून गेलेल्या असतात. पीजीआय नावाचं एक जनुक आहे, साखरेतून ऊर्जा काढण्याच्या साखळीतलं. त्याची एक विशिष्ट आवृत्ती असलेल्या माद्या थंड हवेतही उडू शकतात, सकाळी लवकर कामाला लागतात, अंडीही जास्त घालतात. नव्या आणि लांबच्या कुरणांमध्ये ती आवृत्ती जास्त सापडली. सगळं श्रेय एकाच जनुकाला देऊ नये, उडण्यामागे बरीच जनुकं आहेत. पण मुद्दा लक्षात घ्या, एकाच बेटावर चालत जाण्याच्या अंतरावरच्या दोन कुरणांत निवडीची दिशा वेगळी असू शकते.

कायम तरेल असंही नाही. २०१८ चा उन्हाळा तिकडे भयंकर कोरडा गेला, प्लँटॅगो वाळून गेला आणि त्या वर्षीची घरट्यांची मोजणी सगळ्यात खाली आली. विझणं आणि पेटणं हे कुरणं वेगवेगळ्या वेळी विझतात म्हणून जमतं, सगळीकडे एकदम दुष्काळ पडला की शेजाऱ्याकडून विस्तव आणायला शेजारीच नसतो.

८. समोआच्या चांदव्याची गोष्ट परत सांगा ना, मी त्या दिवशी भजी आणायला गेलो होतो.

मोठा चांदवा म्हणजे ग्रेट एगफ्लाय. आपल्याकडे पण आहे, कोकणात परसात कण्हेरीच्या पानावर पंख पसरून बसलेला काळा नर आठवा, पंखावर जांभळ्या-निळ्या कडेचे पांढरे चांद. समोआच्या उपोलू आणि सवाई बेटांवर २००१ मध्ये मोजणी केली तर नर फक्त एक टक्का. कारण वोल्बाकिया नावाचा जिवाणू. तो आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जातो आणि नर गर्भ अंड्यातच मारतो. अर्धी अंडी फुटतच नाहीत, फुटतात त्यातून सगळ्या मुली. ही आजची गोष्ट नव्हती, १९२० च्या दशकातल्या नोंदींमध्येही तिथे नर जवळपास नसल्याचं लिहिलंय. म्हणजे शेकडो पिढ्या हे असंच रेटलं गेलं.

आणि मग २००५-०६ मध्ये जाऊन बघतात तर नरच नर! प्रमाण जवळजवळ बरोबरीवर आलेलं. जिवाणू गेला असेल असं वाटेल, पण नाही, तो माद्यांमध्ये होताच. फुलपाखराकडे एक जनुक पसरलं होतं जे जिवाणूचा नर मारण्याचा डाव उलटवतं. शंभरास एकवरून बरोबरीपर्यंत दहापेक्षा कमी पिढ्यांत. सिल्व्हाँ शार्ला, ग्रेग हर्स्ट आणि मंडळींनी २००७ मध्ये हे छापलं. जंगलात प्रत्यक्ष बघितलेल्या नैसर्गिक निवडीत एवढ्या वेगाची उदाहरणं फार कमी आहेत.

एवढा वेग का, तर परत प्रश्न ४ मधला हिशोब. जिथे नर शंभरात एक, तिथे ज्याच्याकडे हे जनुक आहे असा एक मुलगा जगला तर त्याच्या वाट्याला शंभर माद्या. त्याची जनुकं पुढच्या पिढीत पुरासारखी पसरणार, दुसरं काय होणार.

ती आवृत्ती तिथेच नव्याने उपजली की पश्चिमेकडून आलेल्या एखाद्या पाहुण्याने आणली, दोन्ही शक्यता मांडल्या जातात. आग्नेय आशियातल्या चांदव्यांमध्ये मात्र जिवाणू असूनही नर आधीपासून जगत होते. तिकडचे नर पॉलिनेशियाच्या (समोआ ज्यात येतं तो पॅसिफिकमधला बेटांचा पट्टा) बाधित माद्यांशी जुळवले, तर परत मुलगे जगू लागले, म्हणजे इलाज जनुकातच होता हे त्यातून पक्कं झालं.

९. पण नर मारून त्या जिवाणूला मिळतं काय? यजमानच संपला तर तोही संपणार ना?

जिवाणू आईकडूनच पुढे जातो, नराच्या शरीरात तो गेला म्हणजे बस शेवटच्या स्टॉपला लागली, पुढे रस्ता नाही. मग नर मारून त्याच्या बहिणींना जास्त पाला आणि कमी गर्दी मिळत असेल तर जिवाणूचा धंदा वाढतो. उद्या यजमान संपेल वगैरे विचार जिवाणू करत नाही, निवड पण करत नाही. ती आजच्या पिढीत कोणाची पोरं जास्त एवढंच बघते. डेंगीच्या डासांवर जे वोल्बाकियाचे प्रयोग चाललेत ते याच गटातल्या जिवाणूचे, पण तिथे वापर वेगळा आहे, त्यात इथे शिरत नाही.

१०. आमच्या गावात उलटं आहे, चांदव्याचे नरच दिसतात, मादी दिसत नाही. माद्या मारणारा जिवाणू आहे का?

बहुतेक तुमच्या बघण्यात आहे. नर जागा धरून बसतो. आमच्या ओळखीच्या एका अंगणात एक नर सकाळी दहाच्या सुमाराला त्याच त्या पानावर यायचा, जवळून जाईल त्याच्या मागे सुटायचा, फुलपाखरू असो, चतुर असो, एकदा तर चिमणी, आणि परत त्याच पानावर. असा प्राणी दिसणारच. मादी खाली सावलीत, झुडपात, आणि दिसली तरी हबशी (म्हणजे कॉमन क्रो हे फुलपाखरू) समजून आपण पुढे जातो कारण ती त्याचीच नक्कल करते. प्रमाण काढायचं असेल तर अंडी-अळ्या वाढवून किती नर किती माद्या निघाल्या ते मोजावं लागतं, रस्त्याकडेची मोजणी इथे फसवते.

११. हवाईला पांढरा मोनार्क असतो म्हणे. फोटोशॉप आहे का?

खरा आहे. मोनार्क मूळचा अमेरिकेचा, एकोणिसाव्या शतकात पॅसिफिकभर पसरला. ओआहू बेटावर त्याचं नारिंगी जाऊन पांढरं असलेलं रूप दहा टक्क्यांपर्यंत पोचलं होतं, बाकी जगात ते क्वचितच दिसतं. पांढरेपणा एकाच जनुकामुळे येतो आणि दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसतो.

वाढला का, याचं उत्तर ऐकून तुम्हाला घरचं वाटेल. १९६० च्या दशकात ओआहूवर दोन पक्षी येऊन रुजले, लालबुड्या बुलबुल आणि शिपाई बुलबुल. हो, आपलेच, गॅलरीत घरटं करणारे. मोनार्कच्या अंगात विष असतं म्हणून बरेच पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, पण हे बुलबुल खातात. त्यांनी नेहमीचे नारिंगी जास्त टिपले आणि अनोळखी पांढरे सोडले, म्हणून पांढरे वाढले, अशी मांडणी स्टिम्सन आणि बर्मन यांनी केली. मला ही मांडणी पटते, तरी बुलबुलाच्या डोक्यात काय चाललंय हे कोणी विचारलेलं नाही एवढं ध्यानात ठेवा.

आणि तिथे मोनार्कच्या अळ्या खातात काय, तर आपली रुई. तीच, शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो. तिकडे तिच्या फुलांचे हार करतात म्हणून लोकांनी अंगणात लावली.

१२. बेटावर गेल्यावर फुलपाखरांचे पंख छोटे होतात हा नियम आहे का?

नियम नाही, परिस्थिती आहे. उत्तर अमेरिकेतला मोनार्क हजारो किलोमीटर स्थलांतर करतो, त्याला मोठे पंख लागतात. पॅसिफिक बेटांवर बारा महिने ऊन आणि बारा महिने पाला, जायचंय कुठे? तिथल्या मोनार्कचे पंख छोटे झाले, हे जुन्या संग्रहालयातले नमुने मोजून दाखवलंय. समुद्राकडे उडून गेलेला परत येत नाही, हाही मुद्दा असतोच.

पण अपवाद बघा. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५०-६० च्या काळात आजच्या इंडोनेशियात फिरत होता, आणि सुलावेसी बेटावरच्या फुलपाखरांनी त्याला चकित केलं. तिथल्या बऱ्याच जातींचे पुढचे पंख शेजारच्या बेटांवरच्या त्यांच्याच भाईबंदांपेक्षा मोठे आणि टोकाशी कोयत्यासारखे वळलेले होते. एका जातीत असतं तर योगायोग म्हटलं असतं, वेगवेगळ्या कुळातल्या जाती एकाच बेटावर एकाच दिशेने वळतात तेव्हा निवडीचा वास येतो. त्याचा अंदाज होता की तिथे कोणीतरी खाणारा असावा ज्याच्यापासून झटकन वळून सुटायला असे पंख उपयोगी पडत असतील. म्हणजे ओआहूवर बुलबुलाने रंग बदलवला तसं.

१३. महाराष्ट्रात अशी बेटं कुठे आहेत?

पाण्यातलीच पाहिजेत असं नाही. कोकणातले सडे घ्या, दोन सड्यांमध्ये दऱ्या, आंबा-काजूच्या बागा, वस्ती. किंवा मुंबईतलं बोरिवलीचं नॅशनल पार्क, शंभरेक चौरस किलोमीटर जंगल आणि बहुतेक बाजूंनी शहर. ज्या जातीला सावली लागते आणि जी उघड्यावर उडत नाही तिच्यासाठी हायवे म्हणजे समुद्रच. पण राज्य फुलपाखरू नीलवंतसारखा दांडगा उडणारा इमारतींवरून आरामात जातो, त्याला तेच जंगल बेट वाटत नाही. त्यामुळे "हे बेट आहे का" हा प्रश्न जागेला नाही, जातीला विचारायचा.

१४. मग विविधता कमी असलेल्या ठिकाणी बाहेरून फुलपाखरं आणून सोडली तर चांगलंच ना? लग्नात सोडतात तशी?

लग्नातलं डोक्यातून काढून टाका. नवं रक्त आल्याने बुडणारी वस्ती सावरते हे खरं आहे, दर पिढीला एखाद-दुसरा पाहुणा आला तरी बराच फरक पडतो. पण पाहुणा एकटा येत नाही.

ओलँडमध्येच १९९१ मध्ये सोटुंगा नावाच्या बेटावर हे फ्रिटिलरी नव्हतं म्हणून अळ्या नेऊन सोडल्या. वस्ती रुजली, अजून टिकून आहे. पण नंतर कळलं की काही अळ्यांच्या पोटात त्यांना आतून खाणारी गांधीलमाशीची अळी होती, काहींत त्या गांधीलमाशीला आतून खाणारी दुसरी गांधीलमाशी होती, आणि पहिल्या गांधीलमाशीच्या अंगात वोल्बाकिया. डब्यात डबा, त्यात डबा, त्यात अजून एक. हे तर फुलपाखरांत आयुष्य घातलेल्या लोकांच्या हातून झालं, मग आपण कुठून तरी पार्सलने मागवलेली फुलपाखरं सोडली तर काय काय सोडतोय ते बघा. आणि आपल्याकडे बऱ्याच जाती वन्यजीव कायद्याखाली आहेत, परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

१५. घरी एकाच मादीच्या अंड्यांपासून वाढवतो, किती पिढ्या चालेल?

पुढे चालवूच नका, निघालं की जिथून आणलं तिथेच सोडा. मी स्वतः मागे लिंबाच्या कुंडीवर हा उद्योग जाळी लावून तीन पिढ्या केला होता आणि तिसऱ्या वेळी पानांवरची अर्धीअधिक अंडी पिवळी पडून तशीच वाळली. जनुकांमुळे की माझ्या हलगर्जीपणामुळे, एका कुंडीवरून सांगता येत नाही. बाकी प्रश्न ६.

१६. समोआत नर परत आले म्हणजे शेवट गोड झाला, बरोबर?

नरांसाठी झाला. जिवाणू तिथेच आहे आणि आता नर मारता येत नाहीत तर त्याने दुसरा खेळ उघडा केलाय. बाधित नर आणि बाधा नसलेली मादी यांची अंडी फुटत नाहीत, म्हणजे बाधित माद्यांचाच फायदा, म्हणजे परत त्याचाच.

आणि फुलपाखराने याची किंमत पण मोजली. डाव उलटवणारं जनुक इतक्या जोरात पसरलं की त्याच गुणसूत्रावर त्याच्या आजूबाजूला जे काही होतं, चांगलं, वाईट, बिनकामाचं, ते सगळं सोबत ओढलं गेलं, गर्दीच्या लोकलमध्ये आपल्याला नसलं उतरायचं तरी दादरला उतरवतात तसं. २०१४ मध्ये एमिली हॉर्नेट आणि सहकाऱ्यांनी तो पट्टा तपासला तेव्हा त्या गुणसूत्राच्या बऱ्याच लांबीवर जुन्या आवृत्त्यांची जागा नव्यांनी घेतलेली दिसली. बाकीच्या गुणसूत्रांवर तसं काही नव्हतं.